दाढ दुखते तेव्हा
(गिरड येथील सभेतील भाषण)



आम्ही नेहमी पट्ट्यावर बोलतो. आज दातावर बोलणार आहो. हसू नका.

आमच्या टोलीतल्या एका आजीची दाढ ऐन तेंदूपत्त्याच्या तोडणीत ठणकली. आठ दिवस तिनं तंबाखू दाबून ठेवला. गाल सुजला, ताप चढला, तेव्हा शहर गाठलं. एसटीचं भाडं गेलं, तिची अन्‌ पोराची अशी दोन माणसांची मजुरी बुडाली. खाजगी डॉक्टर म्हणाला, "वाचवायची त पैसा लागते, नाही त काढू." आजी म्हणाली, "काढा." गरिबाची दाढ अशीच जाते. कीड लहान असताना भरली असती तर ती वाचली असती.

आता आपली चूकही बोलू. 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, पण पन्नीतला खर्रा घोटणं थांबलं नाही. पोरंही खातात. सुपारीनं गाल आतून आखडतो, तोंड उघडत नाही. तंबाखू नसला तरी नुसत्या सुपारीनंही कर्करोग होतो. घरी गेल्यावर तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखायची वाट पाहू नका.

पण "खर्रा सोडा" एवढं सांगून सरकार सुटत नाही. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. रोजमजुरी करणाऱ्याले ते लांबच. सरकारच्याच मानकांप्रमाणे 30 खाटांच्या रुग्णालयात दंतवैद्य पाहिजे. म्हणून ग्रामसभेत ठराव घेऊ:

1. समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी बसतात, दात भरायचं सामान आहे का, हे लेखी कळवा.
2. गिरडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस ठरवून दंतवैद्य पाठवा. नुसते दात काढू नका, भराही.
3. शाळा-अंगणवाडीत पोरांचे दात तपासा.

वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. म्हणजे जंगल आडवं येते, हे कारण चालणार नाही.

जमिनीचा दावा आपण सह्या-अंगठे जमवून, पोच घेऊन केला. हाही तसाच करू.

जय सेवा!