वाळूवरची निळी बाटली

पावसाळ्यात समुद्राकडून जोराचे वारे वाहू लागले की जुहू, गिरगाव, आक्सा येथील वाळूवर निळसर फुगे येऊन पडतात. मुले खेळणे समजून ते उचलतात आणि कळवळतात. हीच ‘ब्लू बॉटल’. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर तिचा दंश १५० हून अधिक जणांना झाल्याचे वृत्त होते.

लोक तिला जेलीफिश म्हणतात. शास्त्रदृष्ट्या मात्र ती अनेक जीवांची वसाहतच होय. एक जीव फुगा होऊन तरंगतो, काही भक्ष्य पचवितात, काही दंश करतात. पोहण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे वारा नेईल तिकडे ती जाते. तिचे तंतू पाण्याखाली कित्येक मीटर पसरलेले असू शकतात. त्यामुळे फुगा दूर दिसला म्हणून पोहणाऱ्याने निर्धास्त राहू नये. वाळूवर मरून पडलेल्या ब्लू बॉटलच्या दंशपेशीही स्पर्श होताच विष सोडतात. शिक्षक बंधुभगिनींनी सहलीपूर्वी मुलांना सांगावयाचे ते हेच.

दंशाची जागा वाळूने चोळण्याची सवय घातक आहे. चिकटलेले तंतू चिमट्याने काढून जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. नंतर सोसवेल अशा, सुमारे ४५ अंश सेल्सिअस गरम पाण्यात ती २० मिनिटे ठेवावी. धाप लागल्यास मात्र विलंब न लावता रुग्णालय गाठावे.