मामा, दादा आणि विकोबा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आफ्रिकेतल्या गमती सांगा, पण वेळ फार घेऊ नका, अशी मला चिटणीसबाईंची ताकीद आहे. सिंह पाहिलात का, असे परत आल्यापासून प्रत्येकीने विचारले, म्हणून तेवढे आधी सांगून टाकते. सिंह पाहिला नाही. कोंबड्या पुष्कळ पाहिल्या, आणि त्यांतल्या एकीची हकीगत पुढे येणारच आहे.

२०१८ च्या जूनमध्ये एका सेवाभावी संस्थेमार्फत मी टांझानियातल्या दोदोमाजवळच्या एका खेड्यात शिवण शिकवावयास गेले, ती दहा महिने तेथे राहिले. दोदोमा ही त्या देशाची राजधानी; परंतु शहराबाहेर पडले की आपला सोलापूर-मंगळवेढ्याकडचा मुलूख आठवतो. तसाच कोरडा प्रदेश, तशीच ज्वारी-बाजरी, मधूनच द्राक्षांचे मळेसुद्धा! माती तेवढी तांबडी. गावातल्या बायका घरात गोगो भाषा बोलत आणि माझ्याशी स्वाहिली.

स्वाहिली ऐकून मला प्रथम फार धीर आला. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', हिशेबाला 'हेसाबु', चहाला 'चाई'! काही शब्द अरबांनी नेलेले, काही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी. म्हटले, ही तर आपल्या माहेरचीच भाषा निघाली. पण नात्यांपाशी सारा घोटाळा. तेथे आईला म्हणतात 'मामा', थोरल्या बहिणीला 'दादा' आणि थोरल्या भावाला 'काका'. पाठीला तान्हे बांधलेल्या बाईची ओळख करून दिली, ही मामा. तिच्या मागे झगा घातलेली, लाजणारी मुलगी, ती दादा. बाबा तेवढे बाबाच राहिले होते, हे नशीब. मला सगळा गाव 'मामा म्हिंदी' म्हणे, म्हणजे हिंदी आई. तिकडे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार हे ठरलेलेच, त्यामुळे पहिला महिनाभर जो तो मला साखरेचा भाव विचारी.

पाहुणचाराचे काय वर्णन करावे? 'उगाली' म्हणजे पिठाची घट्ट उकड आणि तिच्याबरोबर 'म्लेंडा' ही पालेभाजी. ही भाजी भेंडीपेक्षाही बुळबुळीत. उकडीचा गोळा भाजीत बुडवून तोंडाकडे न्यावा, तर तार वाटीपासून ओठापर्यंत तुटता तुटत नाही! तेथल्या बायका मनगटाला एक हिसका देऊन ती तोडतात. माझी मात्र दर वेळी पदरावर. चव चांगली असते बरे का, उगाच नावे ठेवू नयेत.

आता ती कोंबडी. एकदा बायकांनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवून विचारले, हे काय? आपण घरात बोलताना जसे म्हणतो तसेच मी म्हटले, "कुकू." सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. स्वाहिलीत 'कुकु' म्हणजे कोंबडी! दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी पाय बांधलेली जिवंत कोंबडी घेऊन माझ्या दारात उभी. पाहुणीने मागितली आणि दिली नाही असे व्हायला नको, हा तिचा भाव. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. पण तिला परत कसे पाठवणार? कोंबडी राहिली. पायमशीन सुरू झाले की ती वर्गभर धावे, आणि एके दिवशी शाळेच्या गणवेशाच्या कॉलरींच्या गठ्ठ्यावर तिने पहिले अंडे घातले.

ज्या बायकांना मी शिकवीत होते त्यांचा 'विकोबा' होता. हे नाव ऐकून मला वाटले, विठोबा-खंडोबासारखे त्यांचे काही दैवत असेल. ते निघाले गावबँकेच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. आपल्या बचतगटासारखीच गोष्ट. ही पद्धत नायजर देशात १९९१ साली बायकांसाठी सुरू झाली आणि तेथून आफ्रिकाभर पसरली. आपल्याकडे नाबार्डने बचतगट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला तो १९९२ चा. फरक असा की तेथे पैसे बँकेत न जाता लोखंडी पेटीत राहतात. पेटीला कुलुपे तीन, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. प्रत्येकीने 'हिसा' घ्यायचा, म्हणजे आपला हिस्साच! शिवाय आजारपण-मरणासाठी थोडे पैसे निराळे ठेवायचे.

पहिल्या सभेला मला 'सा तिसा' म्हणजे नऊ वाजता बोलावले होते. मी सकाळी नऊला शाळेच्या ओसरीवर हजर. बायका आल्या दुपारी तीनला. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे पहिला तास. घड्याळ माझेही बरोबर आणि त्यांचेही. आपल्या पंचांगातल्या घटका तरी दुसरे काय करतात? सहा तास गावातली पोरे माझ्याभोवती बसून मला पाहत होती, त्यांची मात्र चांगली करमणूक झाली.

मार्चमधली गोष्ट. पावसाचे दिवस. गटातली एक तरुण मामा अडली. गावच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितले, हिला मोठ्या इस्पितळात न्या, आत्ताच न्या. गाडीवाला म्हणाला, आधी पेट्रोलचे पैसे. पैसे पेटीत होते, आणि तिसरी किल्ली होती दूरच्या गावी मयतीला गेलेल्या बाईच्या पदराच्या गाठीला! पुरुष म्हणाले, कुलूप फोडा. गटाच्या अध्यक्षीणबाई पेटीवर बसल्या आणि उठेनात. आज चांगल्या कामासाठी फोडली तर उद्या वाईट कामासाठी फुटेल, हे त्यांचे म्हणणे. मला त्यांचा अतिशय राग आला. आजही तो सगळा गेला आहे असे म्हणवत नाही. पण त्यांनी स्वतःच्या पदराची गाठ सोडून पहिली नोट चटईवर टाकली, मग एकेकीने आपापली. मीही माझे होते ते टाकले. तरी थोडे कमी पडले. तेव्हा शेजारच्या म्हातारीने मशीनखालची कोंबडी आणून गाडीवाल्याच्या मांडीवर ठेवली, आणि गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, दोघी सुखरूप. मी आनंदाच्या भरात घरी फोन लावला. "अहो, मामाला मुलगी झाली! दादा तिच्यापाशी आहे. कोंबडी मात्र ड्रायव्हर घेऊन गेला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आमचे हे म्हणाले, "तुला ऊन तर लागलं नाही ना?"

पुढच्या सभेत तिन्ही किल्ल्या लागल्या. आजारपणाच्या पैशांतून प्रत्येकीची रक्कम शिलिंगाला शिलिंग परत झाली. वहीत माझ्या नावापुढे रकमेखाली लिहिले होते, 'कुकु एक'. गावाबाहेर जाणारीने किल्ली दुसऱ्या सभासद बाईकडे देऊन जावे, असा नियमही त्याच दिवशी झाला. कोंबडीची किंमत म्हातारीला द्या, असे मी म्हटले; ती म्हणाली, दिलेली वस्तू माझी कशी? अखेर त्या पैशांचा माझ्या नावे हिसा घेतला गेला.

वर्षाअखेर वाटणी झाली तेव्हा मी इकडे परतले होते. माझा वाटा त्या मुलीच्या नावावर ठेवा, असे मी फोनवर कळवले. उलट निरोप आला की हे एकटीने ठरवता येत नाही, सभेपुढे ठेवावे लागेल. सभा शनिवारी 'सा तिसा' वाजता आहे, आणि मामा म्हिंदीने या वेळी सकाळपासून येऊन बसू नये.