कोरड्या नळाचा व्हॉल्व्ह : चाचणी आणि निगा

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त उधना, सुरत येथील मराठी भाषक कामगार, पर्यवेक्षक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आगीमुळे दारूगोळ्याचे स्फोट होऊन गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला. ती आग विझविण्यासाठी गेलेले ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो.

कापूस, सूत आणि कापड यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, अशा उधना येथील कामगारांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. उधना येथून निघालेला लोहमार्ग नंदुरबारमार्गे जळगावकडे जातो. त्याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी येथे येऊन स्थिरावली आहेत. ज्या घरातील मुलगा येथे रात्रपाळी करतो, त्या खेड्यातील घराचे लक्ष येथील कारखान्याच्या सुरक्षिततेकडे लागलेले असते. याच सुरत शहरातील सरथाणा भागात २४ मे २०१९ रोजी तक्षशिला संकुलाला लागलेल्या आगीत शिकवणीस आलेल्या २२ विद्यार्थ्यांचा बळी गेला. आगीच्या वेळी साधनांची जमवाजमव करण्यास अवधी मिळत नाही, हे त्या दुपारी सर्वांनी पाहिले.

आग लागताच आपोआप पाणी सोडणारे साधन म्हणजे स्प्रिंकलर. छताखालील नळाला ठरावीक अंतरावर लहान तोट्या बसविलेल्या असतात. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची कुपी असते. लाल रंगाची कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ अंशांना, तर हिरवी ९३ अंशांना. ज्या तोटीपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचते तेवढीच उघडते; सर्व तोट्या एकदम उघडत नाहीत.

बहुतेक ठिकाणी हे नळ सदैव पाण्याने भरलेले असतात. उधना येथील यंत्रमागाच्या शेडमध्ये पाणी गोठण्याची भीती नसल्यामुळे तेथे हीच पद्धत योग्य होय. केळी साठविण्याच्या खोलीतील तापमान १३-१४ अंश असते, तेथेही ती चालते. परंतु गोठविलेली मासळी किंवा मटार उणे १८ अंशांवर ठेवणाऱ्या शीतगृहात नळातील पाण्याचा बर्फ होईल आणि नळ फुटेल. अशा ठिकाणी कोरड्या नळाची पद्धत वापरतात. उधना येथील पाळी सोडून शीतगृहात नोकरी धरणाऱ्या तरुणाला ही दुसरी पद्धत ठाऊक असणे आवश्यक आहे.

या पद्धतीत तोट्यांच्या नळांमध्ये पाण्याऐवजी दाबाखालील हवा असते. पाणी उबदार खोलीतील एका व्हॉल्व्हपाशी थोपविलेले असते. व्हॉल्व्हच्या आत एक झाकण असते. त्याच्या वरच्या बाजूस हवेला मिळणारे क्षेत्र मोठे व खालच्या बाजूस पाण्याला मिळणारे क्षेत्र लहान असते. त्यामुळे हवेचा थोडा दाब पाण्याचा मोठा दाब रोखून धरतो. हे प्रमाण सहास एक असेल आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो असेल, तर हवा एक किलोपर्यंत उतरताच झाकण उघडते. झाकण अवेळी उघडू नये म्हणून हवेचा दाब त्याहून सुमारे दीड किलो अधिक, म्हणजे अडीच किलोच्या आसपास ठेवतात. तोटी उघडली की हवा बाहेर पडते, झाकण उचलले जाते, पाणी नळात धावते आणि धोक्याची घंटा वाजते.

येथेच खरी अडचण आहे. पाण्याने भरलेला नळ गळू लागला तर जमीन ओली होते आणि दोष दिसतो. कोरड्या नळाचा व्हॉल्व्ह गंजून चिकटला, त्याचे रबर झाकणाला धरून बसले किंवा नळात बर्फाचा बोळा झाला, तरी बाहेरून काहीच कळत नाही. गेजचा काटा जागेवर असतो आणि सर्व काही ठीक असल्याचा समज होतो. म्हणून या व्हॉल्व्हच्या बाबतीत चाचणी हाच एकमेव पुरावा होय.

व्हॉल्व्हच्या खोलीतील तापमान व दोन्ही गेज नियमितपणे पाहावेत, आणि आढळलेला दाब नोंदवहीत लिहावा. हवा वारंवार भरावी लागत असेल तर गळती शोधावी. कंप्रेसर सतत चालू ठेवल्यास गळती झाकली जाते, बरी होत नाही. नळांच्या सखल भागी साचलेले पाणी ठरावीक मुदतीने काढून टाकावे. दमट हवा नळात गेल्यास शीतगृहातील नळात तिचाच बर्फ होतो. म्हणून कंप्रेसरबरोबर हवा सुकविणारे यंत्र असणे अगत्याचे आहे. घंटा व हवेचा दाब उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा दर तीन महिन्यांनी तपासावी.

वर्षातून एकदा झाकण प्रत्यक्ष उघडून पाहावे. त्या वेळी मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह थोडाच उघडा ठेवतात, जेणेकरून सर्व नळ पाण्याने भरणार नाहीत. दर तीन वर्षांनी मात्र मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडून चाचणी घ्यावी. नळाच्या सर्वांत दूरच्या टोकाची चाचणी-तोटी उघडल्यापासून तेथे पाणी येईपर्यंत किती सेकंद लागले, हे घड्याळ लावून मोजावे. मोठ्या यंत्रणांसाठी अमेरिकी संहितेत ६० सेकंदांची मर्यादा आहे. गेल्या खेपेस ४० सेकंद लागले आणि या खेपेस ५५, तर मर्यादा पाळली गेली असली तरी काहीतरी बिघडत चालले आहे असे समजावे.

चाचणी प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावी, आणि तीपूर्वी कामगारांना व अग्निशमन दलाला सूचना द्यावी. चाचणीनंतर नळातील सर्व पाणी काढावे, झाकणाची बैठक व रबर स्वच्छ पुसावे आणि खराब रबर बदलावे. हवा अडावी म्हणून बैठकीला ग्रीस लावण्याचा मोह टाळावा. ग्रीसमुळे झाकण चिकटते. अखेरीस मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडला आहे याची खात्री दोघांनी करावी. चाचणीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच बंद राहिला तर उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. गुजरातेतही २०१३ पासून असा कायदा आहे. परंतु कायद्याचा हेतू कागद भरण्याने साध्य होत नाही. नोंदवहीत तारीख, हवेचा व पाण्याचा दाब, लागलेले सेकंद, आढळलेला दोष आणि चाचणी घेणाऱ्याची सही असावी. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही प्रथम ही वही मागावी आणि मागील नोंदींशी ताडून पाहावी.

शिक्षक बंधु-भगिनींनी आपल्या शाळेतील अग्निशामक नळकांड्यांवरील मुदतीची तारीख विद्यार्थ्यांना वाचावयास लावावी. तारीख पाहण्याची सवय लहानपणी जडली, तर तोच विद्यार्थी उद्या कारखान्यात किंवा शीतगृहात व्हॉल्व्हवरील चाचणीची चिठ्ठी वाचल्यावाचून पुढे जाणार नाही. कामगारांनीही आपल्या पर्यवेक्षकाला विनासंकोच विचारावे : शेवटची चाचणी केव्हा झाली, आणि पाणी यावयास किती सेकंद लागले? या प्रश्नाचे उत्तर जेथे ताबडतोब मिळते, तेथे रात्रपाळीस गेलेला मनुष्य सकाळी सुखरूप घरी परतेल असा भरवसा धरण्यास आधार आहे.