प्रमाणपत्र आणि मीटर



आम्ही सरकारी नोकर आयुष्याचा मोठा भाग कार्यालयांत काढतो. त्यांचे वीजबिल मात्र जनता भरते. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनाचे उद्घाटन २०१४ साली झाले. छपरावर ९३० किलोवॅटचे सौरसंच. वर्षभर लागणारी वीज तेथेच निर्माण व्हावी, हा संकल्प. परंतु ‘हरित’ प्रमाणपत्र बहुधा आराखड्यातील अपेक्षित वापर पाहून मिळते. प्रत्यक्ष वापर मीटर सांगतो. वर्षाच्या युनिटांना इमारतीच्या चौरस मीटरांनी भागावे, म्हणजे खरा हिशेब कळतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ साली कार्यालयांना याच हिशेबाने तारे देण्याची योजना आणली. रिकाम्या दालनात वातानुकूलन चालू राहिले, तर उत्तम आराखडाही व्यर्थ ठरतो.

मंडळ नोंदणीपत्राने स्थापन होते, परंतु पन्नास वर्षे चालते ते सभासदांच्या नित्य सांभाळाने. इमारतीचेही तसेच आहे.