दुसरी विद्या केव्हा शिकावी?



परीक्षा संपून सुट्टी लागली, की कुस्ती आणि जूदो शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे पालकांची वर्दळ सुरू होते. प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "मुलगा दोन वर्षे जूदो शिकतो आहे, आता जोडीला कराटे लावावे काय?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात फी जाते, संध्याकाळी जातात, एखादे वेळी गुडघाही जातो, आणि कधीकधी हाती आलेली पहिली विद्याच जाते. म्हणून आज त्याचाच विचार आपण मिळून करावा असे मी योजिले आहे.

दुसरी विद्या हवी म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. 1993 साली अमेरिकेत डेन्व्हर येथे निरनिराळ्या विद्यांचे लढवय्ये एकमेकांसमोर उभे करण्यात आले. ब्राझिलियन जुजुत्सू जाणणारा रॉयस ग्रेसी हा अंगाने काही दांडगा नव्हता. परंतु ठोसे आणि लाथा यांत तरबेज असलेल्यांना त्याने जमिनीवर नेले आणि स्पर्धा जिंकली. जमिनीवर पडल्यावर काय करायचे, हे त्यांना कोणी शिकविलेलेच नव्हते. तेव्हापासून अशा मिश्र लढतीत उतरणाऱ्याला उभ्याची आणि जमिनीवरची, दोन्ही विद्या शिकणे भागच पडले. ज्याला तिकडे जावयाचे आहे, त्याच्यापुरता प्रश्न मिटला. पण आपल्यापैकी किती जणांची मुले तिकडे जाणार आहेत? आपला प्रश्न उरतोच.

या बाबतीत जूदोचे जनक कानो जिगोरो यांच्या तरुणपणाची हकीकत मला फार उद्बोधक वाटते. टोकियोत ते जुजुत्सू शिकत असताना फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या आवरत नसे. कानोंनी सुमो कुस्तीतले डाव करून पाहिले. ते लागू पडले नाहीत. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्य कुस्तीवरील पुस्तक धुंडाळले, त्यातून प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर घेऊन टाकण्याचा डाव उचलला, तो घोटला आणि फुकुशिमाला पाडले. हाच डाव पुढे 'कातागुरुमा' या नावाने जूदोत गेला. नंतर कानो कितो संप्रदायाची फेक शिकले आणि 1882 साली त्यांनी आपले कोदोकान काढले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कानो दुसऱ्या दाराशी गेले ते एक नेमका प्रश्न घेऊन. हा प्रश्न त्यांना पहिल्या आखाड्यातच, रोज पडून पडून, सापडला होता.

आता आपल्या घरचे उदाहरण. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढलेले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत लांग धरता येते, मॅटवर कपडा धरणे निषिद्ध. मातीत चीतपट होईपर्यंत कुस्ती चाले, मॅटवर घड्याळ आणि गुण. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांनी माती टाकून दिली नव्हती. ढाक त्यांचाच होता. फक्त तो नव्या नियमांत बसवावा लागला. तेथे त्यांना हरविणारा, आणि पुढे सुवर्णपदक घेणारा जपानचा इशी हा आधी जूदो शिकलेला होता. म्हणजे दोघांनीही जुन्या विद्येच्या पायावरच नवी उभारली होती.

पण पाया कच्चा असता तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. शरीर एक सवय शिकते, आणि दमल्यावर बुद्धीला न विचारता तीच करते. पैलवानाची सवय अशी, की पाठ टेकू द्यायची नाही. पडताना तो पालथा होतो. जुजुत्सूत पालथा झालेल्याच्या पाठीवर बसून गळा आवळतात. कुस्तीत पट काढणे हा हुकमी डाव. जूदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2010 सालापासून थेट पाय धरण्यास मज्जाव आहे. कराटेच्या मूलभूत सरावात एक ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढतात. मुष्टियुद्धात ती हनुवटीशी नसली तर दात जातात. जाणत्याला हा भेद सांभाळता येतो. दोन्हींकडे नवशिका असलेल्याचा मात्र दोन्हींकडे गोंधळ होतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. बाविसाव्या वर्षी मी तालीम सोडून जूदोकडे गेलो. लोकांना सांगितले, दृष्टी व्यापक करतो आहे. खरे कारण निराळे होते. आमच्या वस्तादांनी वर्षभर मला एकटा पट घोटायला लावले होते, तो बसत नव्हता आणि मी कंटाळलो होतो. सहा वर्षांनी भेटायला गेलो. वस्ताद खाटेवर होते. त्यांनी जूदोची चौकशी केली नाही, रागेही भरले नाहीत. एवढेच म्हणाले, "पट बसतोय का रं आता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच पावसाळ्यात ते गेले. पट मी पुढे शिकलो, पण दाखवायला कोणी राहिले नव्हते.

म्हणून चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी आईला घेऊन आली, तेव्हा मी सावध होतो. आई शिवणकाम करून घर चालविते. ती म्हणाली, "सर, ही कुस्तीचाही वर्ग लावू म्हणते. तुम्ही सांगाल तसं करू. पण दुसरी फी म्हणजे मला रात्रीचं मशीन चालवावं लागेल." मी मुलीला विचारले, तिकडे काय आणायला जातेस? ती गप्प राहिली. मी म्हटले, सहा महिने थांब. सहा महिन्यांनी ती एकटीच आली आणि म्हणाली, "सर, मी पाडते, पण खाली गेल्यावर समोरची माझ्या हातून निसटते. तालमीतल्या मुलींच्या हातून निसटत नाही. ते कसं, ते मला बघायचंय." मी स्वतः तिला तालमीत नेऊन सोडले आणि तिथल्या वस्तादांशी फीचेही बोललो.

मंडळी, माझी कसोटी एवढीच आहे. दुसऱ्या विद्येकडे जाणाऱ्याने आधी सांगावे, की पहिल्या विद्येतली कोणती अडचण घेऊन तो निघाला आहे. ती एका वाक्यात सांगता आली, तर खुशाल जावे; गुरूला विचारून जावे आणि पहिल्या सरावाचे दिवस न तोडता जावे. सांगता येत नसेल, तर बहुधा तो कंटाळाच असतो. कंटाळा काही पाप नाही. तरुणपणी तो सर्वांनाच येतो, आणि बहुधा काहीतरी हाती लागण्याच्या जरासा आधी येतो. पालकांनीही मुलाला 'काय शिकतोस' यापेक्षा 'काय जमत नाही' हे विचारावे. उत्तर देताना मूल अडखळले, तर फी भरण्याची घाई करू नये.

अखेर कोणी म्हणेल, दहा वर्षांच्या पोराला चार ठिकाणी हुंदडू द्यावे. जरूर द्यावे! तो खेळ आहे. त्याला माझी कसोटी लावू नका. पण ज्या दिवशी मूल 'मला हे यायलाच हवे' असे म्हणेल, त्या दिवसापासून ही कसोटी लागू झाली असे समजा.