वर्गातील इष्ट कोलाहल

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत. १९९० च्या सुमारास त्यांनी साधा प्रश्न विचारला : जड ट्रक लहान मोटारीवर आदळला, तर अधिक बल कोणावर? न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असूनही कित्येक जण चुकले. पुन्हा समजावूनही उमजेना, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांनाच आपापसांत चर्चा करावयास सांगितले. वर्गात कोलाहल माजला. काही मिनिटांत उलगडा झाला. नुकतेच ज्याला कळले, त्याला न कळलेल्याची अडचण ठाऊक असते. विद्वानाला तिचा केव्हाच विसर पडलेला असतो. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित शिक्षणावरील २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण व्याख्यानपद्धतीत ३३.८ टक्के, सक्रिय अध्ययनात २१.८ टक्के आढळले. आपल्याकडे मोठ्या वर्गांची सबब सांगितली जाते. मझूर यांचा वर्गही मोठाच होता.