आग्रह आणि अनुमोदना



वसई-विरार परिसरातील कोणत्याही जैन घरी ‘आज आयंबिल आहे’ एवढे म्हणताच वाढणारा हात थांबतो. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले हे सहाही विगय वर्ज्य करून एकदाच घेतलेल्या त्या आहाराची सारे अनुमोदना करतात. परंतु मधुमेहाच्या पथ्यावर असलेल्या पाहुण्याने जिलेबी नाकारली, की ‘एका तुकड्याने काय होते?’ असा आग्रह सुरू होतो.

पथ्याचा हेतू कर्मनिर्जरा नव्हे, आरोग्य आहे, हे खरे. तथापि जिभेवरील संयम दोहोंत सारखाच लागतो. तत्त्वार्थसूत्रातील सहा बाह्य तपांत अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी जेवणे, आणि रसपरित्याग, यांना म्हणूनच स्थान आहे. शिवाय करणे, करविणे व अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार जैन आचारात होतो. दुसऱ्याचा नियम मोडविणाराही त्या दोषातून सुटत नाही.

पाहुण्याने निमंत्रण स्वीकारतानाच पथ्य स्पष्ट सांगावे, आयत्या वेळी सबबी शोधू नयेत. यजमानाने एकदा विचारावे आणि नकार मिळताच प्रेमाने पुढे जावे. आयंबिलाला मिळणारा आदर पथ्यालाही मिळावा.